गुडघ्यावर हात

गेल्या वैशाखात माहेरच्या नात्यातलं एक लग्न होतं, चोपडा तालुक्यातल्या एका खेड्यात. शाळेच्या पटांगणात मांडव, भर दुपारची पंगत. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी. मांडवाच्या पिवळ्या कापडातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांच्या तोंडावर हळदीसारखं पडलेलं. पहिली पंगत उठत होती, दुसरीवाले मागे उभे राहून जागा धरत होते, वाढपी पोरं रिकामी पातेली आपटत होती. माझ्या समोरच्या ओळीत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा बसला होता, निळ्या शर्टातला. आई उठली, बहीण उठली, तो बसूनच. मग त्यानं दोन्ही तळहात जमिनीवर टेकले. आधी ढुंगण वर केलं. एक हात गुडघ्यावर ठेवला, मग दुसरा दुसऱ्या गुडघ्यावर, आणि मांड्यांवर हात सरकवत, स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा तो उभा राहिला. शेजारच्या पत्रावळीवर त्याचा पाय पडला. आई म्हणाली, "लवकर ऊठ ना रे, लोकं खोळंबलीत." तिच्या आवाजात राग नव्हता. लग्नघरात सगळ्याच आया बोलतात तसं ती बोलली आणि त्याच्या दंडाला धरून हात धुवायच्या टाकीकडे घेऊन गेली. मी माझा खरकटा हात तसाच धरून उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, ताई, सरका जरा. मी सरकले. परत मान वर करून पाहिलं तेव्हा टाकीपाशी दुसरीच माणसं होती.

मी काहीच बोलले नाही.

घरी आल्यापासून हे मला छळतंय. कुणी म्हणेल, पोरगं जेवून जड झालं असेल, मांडी घालून पायाला मुंग्या आल्या असतील. असेलही. हजारातल्या नऊशे नव्व्याण्णव पोरांचं तसंच असतं. पण मला ते उठणं ओळखीचं होतं. सहा वर्षांपूर्वी माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, माझी मुलगी रोज अशीच उठत होती आणि एक दिवस मी तिला हसून म्हटलं होतं, "म्हातारीसारखी काय उठतेस गं?"

तनू तेव्हा सात वर्षांची होती. आम्ही सगळे स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवत होतो. आमच्याकडे टेबल आहे, पण त्यावर कपड्यांच्या घड्या असतात. माझं बोलणं ऐकून सासूबाई हसल्या, तिचे पप्पा हसले, आणि वाईट याचं वाटतं की तीही हसली. पुढे तो तिचा खेळच झाला. उठायची वेळ आली की कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणायची, म्हातारीचा आवाज काढायची आणि मग हात टेकून उठायची. आता मला वाटतं, आपल्याला उठता येत नाही हे झाकायला तिला माझ्याच वाक्याचा आडोसा मिळाला होता.

तो शिमग्याच्या आसपासचा काळ. आठवायला बसलं की एकेक गोष्ट वर येते, आणि तेव्हा ती सुटीसुटीच होती. वेणी घालून देताना ती पूर्वी स्वतः रिबिनीचं टोक धरून हात डोक्यामागे न्यायची, ते बंद झालं. मला वाटलं, लाडावली. एसटीची पायरी चढताना दांड्याला लटकायची. मला वाटलं, मस्ती. शाळेतून निरोप आला की मुलगी कवायतीला मागे राहते, कामचुकार झाली आहे. मी बाईंच्या बाजूनं तिलाच रागावले. डोळ्यांच्या वरच्या पापण्यांवर एक झाक आली होती. जांभळी म्हणावं तर जांभळी नाही. गावठी लसणाच्या पाकळीचं साल सोलताना आतून जो फिकट जांभळट रंग दिसतो ना, तो. शेजारणी विचारायच्या, एवढ्या लहान पोरीला काजळ कशाला घालतेस, पसरतंय ते. मी एकदा ओल्या फडक्यानं पुसूनही पाहिलं. ती ओरडली, "मम्मी, लावलेलंच नाहीये काही!" बोटांच्या सांध्यांवर, मुठी आवळल्या की जी हाडं वर येतात त्यांच्यावर, लालसर-जांभळट खवले धरले होते. कोपरं आणि गुडघेही तसेच. गावातल्या डॉक्टरांनी आधी इसब म्हणून मलम दिलं, मग गजकर्ण म्हणून दुसरं. दोन्हींनी थोडं बरं वाटायचं, परत यायचं.

त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझ्या माहेरी कडुनिंबाला दोन झोके बांधले होते. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, दुपार कलली की झोक्यांवर गर्दी, गौराईची गाणी, घराघरांत पुरण आणि आमरसाचा वास. घागरीवर ठेवलेल्या डांगराचा तो एक वेगळाच गोड वास. तनू पाटावर बसली. मावसबहिणीनं एक झोका दिला. दुसऱ्या हेलकाव्याला तिच्या हातातून दोर सुटले. पडली ती मऊ मातीत, लागलं नाही. पण मी धावत गेले तेव्हा ती रडत नव्हती, आपल्या हातांकडे बघत होती. "हात धरतच नाहीत," एवढंच म्हणाली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पोटात खड्डा पडला.

मग रक्त तपासलं. रिपोर्टमध्ये एसजीओटी, एसजीपीटी वाढलेलं आलं. हे आकडे वाढले की सगळ्यांना आधी यकृत सुचतं. आम्हाला सांगितलं, कावीळ असावी. घरात लगेच उसाचा रस, ताक, बिनतेलाची भाजी. सासूबाईंनी कुणाकडून तरी काविळीचं झाडपाल्याचं औषधही आणलं. डोळे पिवळे नव्हते, लघवी पिवळी नव्हती, पण कागदावर आकडा होता ना. पुष्कळ उशिरा मला कळलं की ही द्रव्यं नुसत्या यकृतात नसतात, स्नायूंतही असतात. स्नायूंना सूज येऊन ते झिजायला लागले की हीच द्रव्यं रक्तात उतरतात. आकडा खरं बोलत होता, आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. यात गावातल्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्यांनी अख्ख्या आयुष्यात असा पेशंट पाहिला नव्हता. पण तीन महिने त्यात गेले, आणि या आजारात तीन महिने थोडे नसतात.

जळगावच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही निव्वळ त्या पापण्यांसाठी गेलो होतो. त्यांनी पापण्या पाहिल्या, मुठी आवळायला सांगून बोटं पाहिली आणि मलम लिहायच्या ऐवजी खुर्ची मागे सरकवून म्हणाल्या, "बेटा, खाली बस. आता ऊठ बरं." तनूनं माझ्याकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवला आणि "आई गं" केलं. बाई हसल्या नाहीत. "तसं नाही, हात न लावता ऊठ." ती उठू शकली नाही. दवाखान्याच्या त्या चकचकीत फरशीवर माझी सात वर्षांची पोर दोनदा अर्धी उठली आणि दोनदा खाली बसली. मग बाईंनी तिची करंगळी हातात घेतली, नखाच्या मुळाशी पारदर्शक जेलचा एक थेंब ठेवला आणि छोट्या दिव्याच्या भिंगातून बराच वेळ पाहत राहिल्या. मलाही दाखवलं. नखाच्या कडेला, जिथं कातडी नखाला चिकटते तिथं, केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. निरोगी माणसाच्या त्या कशा एकसारख्या, ओळीनं लावलेल्या केसांच्या आकड्यांसारख्या असतात, हे त्यांनी आधी माझ्या बोटावर दाखवलं. तनूच्या काही फुगलेल्या, वेड्यावाकड्या होत्या आणि मधेमधे जागाच मोकळ्या होत्या. कपाशीच्या ओळीत तुटाळ पडावी तशा.

त्या बाई म्हणाल्या, हा नुसता कातडीचा आजार नाही. हिचा बचाव करणारी शक्ती हिच्याच बारीक रक्तवाहिन्यांवर उलटली आहे. त्या जिथं जिथं आहेत, कातडीत, स्नायूंत, तिथं सूज आहे. दंड आणि मांड्या, म्हणजे धडाजवळचे स्नायू आधी ढिले पडतात, म्हणून वेणी जमत नाही आणि उठता येत नाही. नाव सांगितलं: ज्युव्हेनाइल डर्मेटोमायोसायटिस. मला ते तीनदा म्हणून घ्यावं लागलं. मोठ्या माणसांत हा आजार झाला तर कधी कधी आत कर्करोग दडलेला असतो, मुलांत तसं सहसा नसतं, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. या एका वाक्यासाठी मी त्यांना कधीच विसरणार नाही. मग सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात उतरणारं आणखी एक द्रव्य, तपासलं, मांड्यांचा एमआरआय झाला, आणि जळगावहून रात्रीच्या गाडीनं आम्ही मुंबई गाठली.

गाडीत खालच्या बर्थवर ती माझ्याजवळ झोपली होती. मला वाटलं, झोप लागली. नाशिक मागे पडल्यावर अंधारात विचारते, "मम्मी, म्हणजे मी आळशी नव्हते ना?"

मी नाही म्हटलं. त्यावर ती वळून झोपली. मी मात्र कल्याण येईपर्यंत जागी होते.

पापण्यांच्या त्या रंगाला डॉक्टर लोक हेलिओट्रोप म्हणतात. ते एका जांभळ्या फुलाचं नाव आहे, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थ सूर्याकडे वळणारं. मुंबईच्या दवाखान्यात एका शिकाऊ डॉक्टरनं मला हे सांगितलं तेव्हा मी त्याच्याकडे बघतच राहिले, कारण त्याच्या पाच मिनिटं आधी मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की या मुलीला ऊन चालणार नाही. ऊन लागलं की कातडीवरचं भडकतं, आणि कातडीबरोबर आतलंही भडकू शकतं. सूर्याकडे वळणाऱ्या फुलाचं नाव, आणि सूर्याकडे पाठ फिरवायची औषधयोजना. आणि आम्ही राहणार कुठं, तर खान्देशात, जिथं मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि आमच्यातलं कुणी त्याबद्दल आश्चर्यही करत नाही.

आपण उन्हाची माणसं आहोत. बिबडे, कुरडया, पापड, मिरच्या, हळद, गोधड्या, जे असेल ते उन्हात टाकतो. लहान बाळाला तेल लावून कोवळ्या उन्हात धरतो. ऊन हेच औषध, असं ऐकत मी मोठी झाले. आता मला त्याच उन्हापासून पोर लपवायची होती. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, रुंद काठाची टोपी, घराबाहेर पडायच्या आधी चेहऱ्याला, मानेला, हाताला क्रीम, आणि दोन-तीन तासांनी परत. शाळेत जाताना ती स्कार्फ बांधायची. उन्हाळ्यात सगळ्याच बांधतात म्हणून तेव्हा ती वेगळी दिसायची नाही, पण थंडीत बांधला की पोरं विचारायची. बिबडे घालायच्या दिवशी गच्चीवर सगळ्या बाया, पोरी, त्या ओल्या पिठाचा वास, अर्धवट वाळलेले बिबडे चोरून खायची मजा, आणि ही खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून. तिला बिबडे खायलाही बंदी होती, स्टेरॉइडमुळे मीठ तोलून. एकदा मी वरून खाली आले तर ती जिन्यात पडलेल्या उन्हाच्या पट्ट्याच्या अगदी कडेला पायाचा अंगठा टेकवून बसली होती. आत नाही, कडेला.

आमच्या आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, केळीची बाग आहे. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. प्रतिकारशक्ती, रक्तवाहिन्या हे त्यांना मी चार वेळा सांगितलं, त्यांनी मान हलवली. ऊन मात्र त्यांना एकदाच सांगावं लागलं. केळीवाल्याला उन्हाळा काय असतो हे सांगावं लागत नाही. बागेच्या बांधावर दाट शेवरी लावायची म्हणजे गरम वारा आडतो. निसवलेले घड वाळक्या पानांनी झाकायचे, नाहीतर उन्हाकडची फणी करपते. दुसऱ्याच आठवड्यात आबांनी पश्चिमेकडच्या ओट्याला बांबू ठोकले, शेतातलं जुनं हिरवं शेडनेट दुहेरी करून ताणलं, आणि दुपारी दोनपासून पाचपर्यंत जिथून ऊन आत यायचं ती प्रत्येक फट बसून बुजवली. त्या हिरव्या अंधारात तनूनं दोन उन्हाळे काढले. आबा रोज येऊन बघायचे, सूर्य सरकला की जाळी सरकवायचे. बागेला पाणी द्यायच्या पाळीसारखं. तिच्याशी ते फारसं बोलायचे नाहीत. त्यांचं प्रेम मला त्या बांबूंच्या गाठींत दिसायचं.

औषधांचं सांगते. पहिले तीन दिवस सलाइनमधून स्टेरॉइडचे मोठे डोस, मग रोज सकाळी गोळ्या, काहीतरी खाऊनच. या औषधाचं नाव काढलं की आपल्याकडे माणसं दचकतात. मीही दचकले होते. तेव्हा डॉक्टरांनी जे सांगितलं त्यानं माझं तोंड बंद झालं. स्टेरॉइड हातात येण्याआधी हा आजार झालेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश दगावायची, एक तृतीयांश कायमची अधू व्हायची आणि उरलेली बरी व्हायची. कॉर्टिझोन, म्हणजे असंच एक स्टेरॉइड, माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं १९४८ साली, त्या शोधाला १९५० मध्ये नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या आजीच्या पिढीत एखाद्या पोरीला हे झालं असतं तर कुणी नावही न देता तिला घरातल्या कोपऱ्यात ठेवलं असतं. कितीजणी तशा राहिल्या असतील, "पोर पांगळी झाली" एवढ्याच वाक्यात.

दुसरं औषध मेथोट्रेक्सेट. पिवळट, इवल्याशा गोळ्या, आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून चिठ्ठीवर तीन ठिकाणी "आठवड्यातून एकच दिवस" लिहून लाल रेघ मारलेली. कुठला वार, हे घरी ठरवायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, सोमवार. त्यांचा उपास असतो, त्यामुळे तो दिवस घरात कुणी विसरू शकत नाही. सोमवारी ती गोळी आणि दुसऱ्या दिवशी फॉलिक अॅसिड, कारण मेथोट्रेक्सेट शरीरात फॉलिक अॅसिडचंच काम अडवतं. पुढे वाचताना कळलं की या दोन्हींच्या मागे एकच प्रयोगशाळा आहे. आंध्रच्या भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीत होते. त्यांच्या चमूनं फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या बनवलं आणि नंतर त्याला अडवणारी औषधंही, रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांसाठी. सुब्बाराव १९४८ मध्ये गेले. आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवर, मेथीच्या डब्याशेजारी, त्यांची दोन्ही कामं दोन वेगवेगळ्या बाटल्यांत पाच वर्षांवर होती. सोमवारी रात्री पोरीला मळमळायचं. मंगळवारी सकाळी तिचं तोंड उतरलेलं असायचं. तरीही मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार करते.

एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. स्टेरॉइडनं तनूचा चेहरा गोल झाला. गाल वर आले, हनुवटी बुडाली, कानांपुढे बारीक लव आली. पहाटे चारला उठून भाकरी मागायची, एवढी भूक. पुढच्या आखाजीला माहेरच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या काकूंनी तिचा गाल धरून चिमटीत घेतला आणि कौतुकानं म्हणाल्या, "पोर आते चांगली दिखस व माय! आंगले लागनं." मागच्या वर्षी हीच पोर वाळली होती, तेव्हा यांनाच ती "उंच होतेय" म्हणून बरी वाटली होती. मी त्यांना काय सांगणार होते? हे गाल औषधाचे आहेत, हे बाळसं नाही, हिच्या मांड्यांना हात लावून बघा? काकूंच्या डोळ्यांत खराच आनंद होता. मी हसले. तनूही हसली, पण घरी येताना स्कार्फ नाकापर्यंत ओढून घेतला. आणि माझी अडचण अशी की मलाही ते गाल आवडत होते. रात्री ती झोपली की मी त्या गोल चेहऱ्याकडे बघायची आणि वाटायचं, दिसतेय ना भरलेली, राहू दे अशीच. औषध कमी होत गेलं, गाल उतरले, खरी तनू परत दिसायला लागली, तेव्हा मला आनंद व्हायच्या आधी क्षणभर भीती वाटली होती. आईच्या डोळ्यांवर भरवसा ठेवू नये, हे मी स्वतःवरून सांगते. चेहरा बघून आम्ही दोन्ही वेळा चुकलो.

मुंबईच्या दवाखान्यात म्हणून चेहऱ्यावर कुणी जातच नव्हतं. तिथं एक कागद होता, चौदा कामांचा, एकूण गुण बावन्न. पाठीवर झोपून डोकं उचलायचं आणि धरून ठेवायचं, पूर्ण गुणांसाठी दोन मिनिटं. पाय सरळ वर. हात डोक्यावर नेऊन तसेच धरायचे. झोपल्याजागी उठून बसायचं. खुर्चीवरून उठायचं. जमिनीवरून उठायचं. शेवटचं काम, खाली पडलेली पेन्सिल वाकून उचलायची. फिजिओथेरपिस्ट ताई घड्याळ धरून शेजारी बसायच्या. पहिल्या वेळी तनूचं डोकं उशीपासून चार बोटं वर आलं आणि पडलं. तिला वाटलं, ही परीक्षा आहे आणि ती नापास झाली. बावन्नपैकी एकोणीस. घरी आल्यावर तिनं वहीत एक पान आखलं, तारीख आणि गुण. एकोणीस, सव्वीस, पंचवीस, चौतीस. त्या पंचवीसवर ती इतकी रडली होती की शाळेतल्या कुठल्याच मार्कांवर कधी रडली नाही. रोज संध्याकाळी ऊन उतरलं की ओट्यावर व्यायाम, आबा घड्याळ लावायचे. त्यांना मोबाइलमधलं जमायचं नाही, म्हणून ते मोठ्यानं मोजायचे, अहिराणी चालीत, आणि तिचं डोकं खाली यायला लागलं की मोजणं जरा घाईनं करायचे. तिच्या ते लक्षात यायचं. "आबा, खरं मोजा."

या आजाराला औषध कोणतं द्यायचं हे ठरवायलासुद्धा जगाला किती कष्ट पडले, तेही मला तिथंच कळलं. नुसतं स्टेरॉइड द्यावं की सोबत दुसरं, याची मोठी चाचणी २०१६ मध्ये छापून आली. त्यासाठी २२ देशांतून मुलं गोळा करावी लागली, आणि सगळी मिळून झाली १३९. सोबत दुसरं औषध दिलेली मुलं जास्त सुधारली, आणि त्यांत मेथोट्रेक्सेट सोसायला सोपं निघालं. एकशे एकोणचाळीस. आमच्या शाळेच्या एका तुकडीत साठ पोरं असतात. तनूच्या सोमवारच्या गोळीमागे कुठल्या कुठल्या देशांतली ती सव्वादोन वर्गांएवढी पोरं उभी आहेत, असं मला वाटायचं.

ज्या देशांनी मोजलं आहे तिथं दहा लाख मुलांमागे वर्षाला दोन ते चार जणांना हा आजार होतो. एका रात्री मी हिशोब मांडला. जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांच्या वर. मुलं त्यातला तिसरा हिस्सा धरली तर चौदा लाख. तोच दर लावला तर एकट्या आमच्या जिल्ह्यात दर वर्षी तीन-चार-पाच मुलं निघतात. हिशोब माझा आहे, डॉक्टरांचा नाही. पण सहा वर्षांत मला जिल्ह्यातलं दुसरं एकच कुटुंब भेटलं, तेही मुंबईच्या दवाखान्याच्या बाकावर. बाकीची पोरं कुठं आहेत? कुणाच्या इसबाच्या मलमात, कुणाच्या काविळीच्या काढ्यात, कुणाच्या "कामचुकार" शेऱ्यात?

तनू आता तेरा वर्षांची आहे. स्टेरॉइड थांबून दोन वर्षं झाली, तीही एकदम नाही, पाव-पाव गोळीनं, कारण ती एकदम तोडता येत नाही. मेथोट्रेक्सेटही गेल्या दिवाळीनंतर बंद झालं. वहीतला शेवटचा आकडा पन्नास आहे. वेणी स्वतः घालते. उजव्या कोपराशी कातडीखाली एक खडा राहिला आहे, सरकीएवढा, बोटाखाली सरकणारा. शरीरात कॅल्शियम साठून असे खडे होतात, निदानाला उशीर झाला तर जास्त. ती तो लोकांना दाखवते, "हात लाव, दगड आहे." मला त्याला हात लाववत नाही. तो खडा म्हणजे आमचे ते तीन महिने आहेत, असं मला वाटतं. आजार परत येऊ शकतो, न येऊही शकतो. डॉक्टर दोन्ही सांगतात आणि दर काही महिन्यांनी नखांच्या कडा बघतात. ती खाली बसून उठली की मी अजूनही बघते. एखाद्या वेळी ती सहज एक हात टेकते, आपण सगळेच टेकतो तसा. माझा घास तिथंच थांबतो. "मम्मी, बघू नको ना," ती मान वर न करता म्हणते.

लग्नानंतर चार दिवसांनी मी वहिनीला, म्हणजे नवरदेवाच्या काकूला, फोन लावला. म्हटलं, पहिल्या पंगतीत निळ्या शर्टातला एक मुलगा होता, पाच-सहा वर्षांचा, बरोबर आई आणि मोठी बहीण, आईची साडी मोरपंखी, कुणाचा असेल? वहिनी म्हणाली, अगं, सातशे पान जेवलं, त्यात निळ्या शर्टाची पन्नास पोरं असतील, काही हरवलंय का तुझं? मी नाही म्हटलं. मग राहवेना, म्हणून सगळं सांगितलं. तिकडून बराच वेळ आवाज नाही, मागे भांडी घासल्याचा तेवढा आवाज. शेवटी म्हणाली, व्हिडिओवाल्याकडून अजून कॅसेट यायची आहे. तिच्या तोंडात अजून कॅसेटच आहे. ती आली की पंगतीचं बघते, कुणीतरी ओळखेलच.

ते चित्रीकरण परवा आलं, मोबाइलवर. पावणेतीन तासांचं. पंगत एक तास अकरा मिनिटांनी सुरू होते. कॅमेरा नवरीच्या मामांवर, तुपाच्या भांड्यावर, पुढाऱ्यांच्या ओळीवर फिरतो. एका ठिकाणी, दोन वाढप्यांच्या मधून, चार सेकंद निळी बाही दिसते. मी ते थांबवून मोठं करून पाहिलं. चेहरा येत नाही. हात येतो, द्रोण धरलेला, पण बोटांचे सांधे नीट दिसत नाहीत, चित्र फुटतं. शेजारी मोरपंखी साडीचा काठ आहे. तेवढाच तुकडा कापून मी वहिनीला पाठवला आहे. तिनं तो गावाकडच्या बायांच्या ग्रुपवर टाकलाय. खाली लिहिलंय, या ताई कोण, फोन नंबर पाहिजे.